खोली

रात्री पावणेतीनला बर्फाचा नकाशा येतो.
पाषाणची ही दहा बाय बाराची खोली,
पंखा दोनवर,
खाली वॉचमन सुभानराव टँकरवाल्याशी भांडतोय.
उद्या गुरुवार. नळाला पाणी नाही.

पडद्यावर लाप्टेव्ह समुद्र उघडतो.
प्रत्येक तुकड्यावर एक अंडं काढलेलं,
अंड्याच्या पोटात आकडे:
दहा भागांत बर्फ किती, किती जुना, केवढ्या लाद्यांचा.
मी नोकरीला लागले तेव्हा आकडा नऊ असायचा
आणि काम सोपं होतं. नाही म्हणायचं.
जुलैत नाही, ऑगस्टात नाही,
सप्टेंबरचं बघू, म्हणजे तेही नाहीच.

मग सहा आले. मग तीन.
आज अंडंच नाही,
नुसतं निळं.
अंडी वाचायला मला चार वर्षं लागली होती.

खराडीच्या ऑफिसातून दातारांचा निरोप:
बेटांच्या वरून सरळ काढा.
साडेतीन दिवस वाचतात, तेल वाचतं.
पुढे टाळ्या वाजवणारे दोन पिवळे हात.
सोमवारी त्यांना पुढच्या दहा वर्षांचा आराखडा हवाय,
उतरत जाणारी एक रेघ.
ती कुठल्या रंगाने काढू, हे कुणी सांगितलेलं नाही.

‘मंदाकिनी’वर कॅप्टन इकबाल मुकादम, दाभोळचे.
त्यांचं बोलणं उपग्रहावरून येतं,
दर वाक्याआधी एक श्वास थांबून.
“ताई, बर्फ नाही. नजर जाते तिथवर नाही.
गुरगुरे आहेत थोडे, म्हशीएवढे,
पाठ तेवढी वर, रडारला न सापडणारे.
त्यांचं मी बघतो.
तुम्ही एवढंच सांगा,
खाली किती आहे?”

खाली किती आहे.

मी नकाशा मोठा करते. आणखी मोठा.
किनाऱ्याशी आकडे दाट, मंडईत खेटून उभ्या माणसांसारखे,
मग विरळ,
मग एकच ओळ,
कधीकाळी बर्फ फोडत गेलेल्या कुठल्याशा जहाजाची,
उसवत आलेल्या धावदोऱ्यासारखी,
आणि तिच्यापुढे कोरं.
बारमाही बर्फ, तिथे वजन बांधून दोरी सोडायला
कोण कशाला गेलं असतं?
इतकी वर्षं बर्फ झाकत होता
आमचं न मोजणं.

बाबा धरणावर पाणी मोजायचे.
भिंतीवर रंगवलेले फूट, हातात वही,
सकाळी सहा, संध्याकाळी सहा.
एका मे महिन्यात पाणी इतकं उतरलं
की पलीकडच्या तीरापर्यंत जमीन दिसू लागली,
भेगाळलेली, कडक, चकचकीत.
दोन पोरं मोटरसायकल घेऊन निघाली,
वळसा नको म्हणून.
मधोमध पोचली तेव्हा चाकं बुडाली, मग सीट.
दोर टाकून पोरांना ओढलं. गाडी अजून तिथेच आहे.
त्या रात्री बाबा जेवताना म्हणाले,
“पाणी गेलं म्हणजे वाट झाली का?
गाळ कुणी मोजला होता?”
आणि ताक मागितलं.

मी दातारांची रेघ पुसते.
दक्षिणेकडून काढते, आकड्यांना धरून,
जिथे कुणीतरी कधीतरी दोरी सोडली होती
अशा एका ठिपक्यावरून दुसऱ्या ठिपक्यावर.
चार दिवस जास्त.
कारणाच्या रकान्यात लिहिते: खोली माहीत नाही.

“बरं,” मुकादम म्हणतात, आणि श्वासानंतर,
“मी पण तेच म्हणत होतो मनात.”
मागे कुणीतरी चहाचे कप मांडतंय.
तिकडे ऊन आहे. तिकडे मावळतच नाही.

दातार नऊला उठतील.
मी बाल्कनीत येते.
टेकडीच्या कडेला जरा उजाडलंय,
टँकर गेलाय, रस्त्यावर ओली रेघ.
सुभानराव टाकीचं झाकण सरकवून
आत वेळूची काठी सोडतो,
वर काढतो, उजेडात धरतो,
ओल्या खुणेवर अंगठा ठेवून मला ओरडून सांगतो,
“मॅडम, दीड हात!”